शनिवार ते गुरुवार

टेबलावर किनाऱ्याचा एक नकाशा, एक कंपास, दोन पेन्सिली, एक फोन आणि वाचायचे दोन चष्मे होते. नकाशावर तीन वर्तुळं काढून झाली होती. प्रत्येकाच्या मध्यावर डायलिसिसचं मशीन असलेलं एक रुग्णालय होतं आणि त्रिज्या गाडीने दीड तासाची होती. दक्षिणेकडचं चौथं वर्तुळ बाकी होतं.

"दीडच तास का?" शिमेने विचारलं.

"कारण तुला त्रास झाला, तर तेवढ्या वेळात मशीनपर्यंत पोचायला हवं," नेवेना म्हणाली. तिने नुकतीच झाग्रेबला भूमापनाची पदवी घेतली होती, त्यामुळे बापाच्या सहलीचा आराखडा तिच्या गळ्यात पडला होता.

शिमेने रियेका ते दुब्रोव्हनिक ही बस एकतीस वर्षं चालवली. त्या रस्त्याचं वळण न् वळण त्याला पाठ होतं आणि एकाही वळणावर तो कधी उतरला नव्हता. सात वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनचे. आता त्याला तोच किनारा बघायचा होता. सहाशे वीस किलोमीटर, नऊ दिवस, वाटेल तिथे गाडी उभी करत. शेजारी तोंका, त्याची बायको. तीही सात वर्षांत कुठे गेली नव्हती.

फोन वाजला. नेवेनाने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. चौथ्या रुग्णालयातली सिस्टर बोलत होती.

"सप्टेंबर अखेरपर्यंत मशीनची एकही खुर्ची रिकामी नाही हो. जर्मन आणि ऑस्ट्रियन पाहुण्यांनी जानेवारीतच धरून ठेवल्यात. ऑक्टोबरात बघू या का?"

शिमे फोनवर वाकला. "अहो, आम्हीही पाहुणेच आहोत. जर्मनमध्ये विचारू का?"

"काका, माझ्या हातात असतं तर..." सिस्टर म्हणाली.

फोन बंद झाल्यावर नेवेनाने कंपास मिटला. मोरीपाशी तोंका मासे साफ करत होती. तिने मान वळवली नाही.

"दक्षिणेला शनिवारी निघून मंगळवारी मशीनला परत येऊ," नेवेना म्हणाली. "बसतं वेळात."

"धावत धावत एकतीस वर्षं गेलो की. ब्रेला गावाखालचा तो किनारा मी वरून किती हजार वेळा बघितला असेल, सांग. एकदा तरी पाय भिजले का?"

"मग ऑक्टोबर."

"ऑक्टोबर कुणी पाहिलाय?" शिमे म्हणाला. "एक मंगळवार चुकवू. शनिवारी मशीन, मग थेट गुरुवारी."

"बाबा, फेब्रुवारीत वाऱ्याने पूल बंद पडला, तेव्हा एकच मंगळवार चुकला होता. अंगात पाच किलो पाणी साठलं. अँब्युलन्समध्ये तुझे ओठ निळे पडले होते."

"तेव्हा मी मूर्खासारखं सूप प्यायलो. आता बघ ना, दिवसाला अर्धा लिटर. त्यावर एक थेंब घेत नाही. तीन महिने झाले. विचार तुझ्या आईला."

तोंकाने नळ सोडला आणि बंद केला.

नेवेनाने पेन्सिल उचलली. नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे नुसता समुद्र होता, तिथे तिने आकडे मांडले. अर्धा लिटर पाणी, त्यात जेवणातलं धरायचं, घाम वजा करायचा. दिवसाला सातशे ग्रॅम. पाच दिवसांचे साडेतीन किलो. तिने पुन्हा मांडून पाहिलं.

"डॉक्टरांनी चार किलोची मर्यादा घातलीय," ती सावकाश म्हणाली. "खरंच अर्धाच लिटर असेल, तर तू मर्यादेच्या आत राहतोस."

"म्हणजे जमतं!"

"जमू शकतं. डॉक्टरांना विचारून."

"ऐकलंस का तोंका? जमतं म्हणते पोरगी! आता पोहायचे कपडे काढ. तुला होतायत का ते बघ आधी."

तोंकाने हात पुसले. ती न्हाणीघरात गेली आणि वजनकाटा घेऊन आली. टेबल आणि दार यांच्यामध्ये, जिथे फरशी सपाट होती, तिथे तिने तो ठेवला.

"हिशेब मांडलाच आहेस, तर पुरा मांड," ती नेवेनाला म्हणाली.

"सकाळी केलं की मी वजन," शिमे म्हणाला.

"दार लावून केलंस. आकडा मला तूच सांगितलास."

"आता नवऱ्याचा शब्दसुद्धा तोलून घेणार का तू?"

"हो. चढ, शिमे."

त्याने पट्टा काढला, घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढून नकाशावर ठेवल्या. इस्पितळात करतो तसं सगळं, त्याच क्रमाने. उठताना त्याला टेबल धरावं लागलं आणि दोन पावलांनंतर तो श्वास घ्यायला थांबला.

"शनिवारी मशीनवरून उतरताना एकाहत्तर होतास," नेवेना म्हणाली. "आज सोमवार. बहात्तर किलो चारशे यायला हवं."

ती गुडघ्यावर बसली. बापाच्या घोट्याभोवती मोज्याची कड खोल रुतली होती. त्याने तोंकाचा खांदा धरला होता.

"हात सोड," तोंका म्हणाली.

त्याने हात सोडला. नेवेनाने आकडा वाचला. तिने त्याला उतरायला सांगितलं, काटा शून्यावर आल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा चढायला सांगितलं.

पंच्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम.