सात नंबरचा पट्टा

फळ्यावर आजही दिपेशचंच नाव वर होतं आणि त्याखाली प्रणितचं. बारा मिनिटांच्या धावेत दोघांमध्ये जेमतेम चाळीस मीटरचा फरक, पण तो एकोणीस दिवस हटायचं नाव घेत नव्हता.

फुटबॉलची लीग संपली की क्लबचे मोठे खेळाडू सुट्टीवर जातात आणि घोडबंदर रोडच्या आतलं ते मैदान पोरांच्या ताब्यात येतं. यंदा अठरा पोरं होती. शिबिराच्या शेवटी त्यांतल्या एकालाच मोठ्या संघात घेणार होते. तो एक म्हणजे दिपेश किंवा प्रणित, हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

प्रणित शहाडहून यायचा, गाडी आणि बस बदलून. दिपेश खाडीकाठच्या कोळीवाड्यातून वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून दहा मिनिटांत हजर. पावसाळ्यात होड्या बंद म्हणून त्याचे वडील दामाजी मोकळेच असत. कुंपणाला टेकून सगळा सराव बघायचे आणि सगळ्या पोरांना नावानं हाक मारायचे. प्रणितच्या वडिलांना कारखान्यातून सुट्टी नव्हती, त्यांनी मैदान अजून पाहिलंही नव्हतं. प्रणितला दिपेशच्या पायांचा हेवा वाटायचा, स्कूटरचा वाटायचा, आणि दामाजींचा तर सगळ्यात जास्त.

त्यात दिपेश त्याला मित्र समजायचा. माणूस जरा तरी वाईट असला तर त्याच्यावर जळायला बरं पडतं. या पोरानं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

मैदानावर गळ्यात काही घालायचं नाही, असा नियम होता. दिपेश गळ्यातलं एकवीरेचं पदक काढून रोज प्रणितच्या हातावर ठेवायचा.

“सांभाळ रे हिला. हरवली तर आय जेवायला द्यायची नाय.”

प्रणित ते चड्डीच्या चेनवाल्या खिशात ठेवायचा. धाव संपली की दिपेश गुडघ्यांवर वाकायचा आणि त्याचा एक हात पदक चाचपायला छातीवर जायचा. पदक तिथे नसायचं, तरी जायचा. देवी माझ्याकडे आहे येड्या, असं प्रणित रोज म्हणायचा. दिपेश नुसता हसायचा. श्वास ठिकाणावर येईपर्यंत त्याला बोलवत नसे.

शेवटच्या दिवशी प्रशिक्षक महेंद्र सर छातीला बांधायचे काळे पट्टे खोक्यात भरून घेऊन आले. आजवर सर घड्याळ बघून आणि फेऱ्या मोजून काम भागवत होते. आज पोरांचे दोन संघ करून चाळीस मिनिटांचा सामना होता. अठरा पोरं चारी दिशांना पळत असताना कोण किती धावलं हे डोळ्यांना कळणं शक्य नव्हतं, ते पट्टे सांगणार होते. सामना झाला की क्लबच्या डॉक्टर दिशा नोंदी बघणार, आणि निवड झालेला पोरगा लगेच, सुट्टीवरून परतलेल्या मोठ्या खेळाडूंबरोबर खेळायला उतरणार. यादीत प्रणितच्या नावापुढे सात नंबर होता, दिपेशच्या नावापुढे अकरा.

पट्ट्याचा हूक पाठीवर होता. स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून जोडीनं एकमेकांचे लावायचे. पहिल्या दिवसापासून या दोघांची जोडी. दोन्ही पट्टे आणायला प्रणित गेला. खोक्यापासून दिपेशपर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात त्याचं ठरलं.

दिपेशनं पदक त्याच्या हातात दिलं आणि पाठ करून, शाळेचा शर्ट घालून घेणाऱ्या पोरासारखे दोन्ही हात वर केले. प्रणितनं त्याला सात नंबर बांधला आणि अकरा नंबर त्याच्याकडून स्वतःला बांधून घेतला. नंबर बघायचं दिपेशच्या मनातही आलं नाही.

दिपेश त्या दिवशी वेड्यासारखा धावला. प्रणित मागून बघत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, धाव अजून, धाव. सामना संपल्यावर पट्टे काढून खोक्यात टाकायलाही तोच पुढे झाला.

तासाभरानं सरांनी प्रणितला डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. दिपेशचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं प्रणितच्या पाठीत धपाटा घातला आणि बापाला सांगून आज कोलंबी करायला लावतो म्हणाला. प्रणितला त्याच्याकडे बघवलं नाही.

खोलीत डॉक्टर दिशा लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. सर म्हणाले, सगळ्यात जास्त तूच धावलास, खरं सांगायचं तर मला अपेक्षा नव्हती. प्रणितचे कान तापले. आनंद म्हणावा तसा झाला नाही, पण सुटल्यासारखं वाटलं.

“सात नंबर तूच बांधला होतास ना?” डॉक्टरांनी विचारलं. “अदलाबदल नाही ना झाली कुठे?”

“नाही मॅडम.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. वर धावण्याची रेघ होती, खाली हृदयाच्या ठोक्यांची.

“मग आधी खाली बस. धावल्यावर छातीवर हात जातो का तुझा? श्वास अडकतो?”

प्रणित खुर्चीच्या कडेवर टेकला.

“शेवटची दहा मिनिटं बघ. ठोके तालावर नाहीत. साध्या तपासणीत हे सुटतं, पूर्ण दमल्यावरच दिसतं. असा मुलगा धावता धावता पडतो आणि उठत नाही. उद्या सगळ्या तपासण्या करू. तोपर्यंत जिनासुद्धा चढायचा नाही.”

प्रणितचा हात खिशाकडे गेला. पदक अजून तिथेच होतं. बाहेर मैदानावर लांब शिट्टी वाजली आणि कुंपणापाशी दामाजींनी कुणाला तरी जोरात हाक मारली.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “वेळेवर कळलं, नशीब समज. सामन्याची काळजी करू नको. तू आत येताच निरोप धाडून तुझ्या जागी दिपेशला उतरवलाय, पूर्ण नव्वद मिनिटं.”