चोरीचा कप

क्रीजकडे जाता जाता क्लेम अंपायरपाशी क्षणभर थांबला, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि मग गार्ड घ्यायला गेला. शेवटची जोडी मैदानात होती. जिंकायला तीन धावा हव्या होत्या.

समोर रॉयस चेंडू या हातातून त्या हातात खेळवत उभा होता.

"ये रे बाबा! तुझीच तर वाट बघत होतो."

"बघ की," क्लेम म्हणाला. "तुला दुसरा उद्योग काय आहे?"

खोटं नव्हतं ते. रॉयसनं क्लेमवर कित्येक वर्षं डूख धरला होता. गहू पिकवणाऱ्या या गावांच्या क्रिकेटला पगारी अंपायर कुठून परवडणार? बॅटिंग करणाऱ्यांपैकीच कुणीतरी पांढरा कोट चढवून उभं राहायचं. मागे अशाच एका फायनलला क्लेम उभा होता. शेवटच्या गड्याच्या पॅडवर रॉयसचा चेंडू आदळला, रॉयस घसा फुटेस्तोवर ओरडला, आणि क्लेमनं नुसती मान हलवली.

"टप्पा लेगस्टंपच्या बाहेर पडला," एवढंच तो म्हणाला. तसा पडला तर पायचीत देता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण क्लेम धडधडीत खोटं बोलला, याबद्दल रॉयसला तिळमात्र शंका नव्हती. कप क्लेमच्या गावाला गेला. रॉयसला लेगस्पिन शिकवणारा त्याचा बाप तो कप न बघताच वारला, आणि हे दुःख रॉयसला आतून जाळत राहिलं.

तेव्हापासून क्लेम कुठंही दिसो, गव्हाच्या कोठारावर, पबमध्ये, अगदी मयतालाही, रॉयस चारचौघांत मोठ्यानं विचारायचा, "काय क्लेम, चोरीचा कप चकाकतो का रे?" लोक खो खो हसायचे. क्लेम गप्प बसायचा. त्याच्या बायकोनं, जोनीनं, शेवटी पबला येणंच सोडलं.

आज अंपायर होता डॅरिल, जोनीचा सख्खा भाऊ. तो बोट वर करील ही आशाच नको. दांडी उडवली तरच उट्टं निघणार, हे रॉयस जाणून होता.

पण वारा त्याच्या बाजूनं होता. उत्तरेचा, भट्टीसारखा, थेट तोंडावर येणारा. मनगटानं गरगरा फिरवलेल्या चेंडूला असा वारा भिडला की तो हवेतच बाजूला ढकलला जातो. ऑफकडे निघालेला चेंडू बघता बघता लेगकडे सरकतो, आणि टप्पा पडला की उलटा वळतो. बापानं शिकवलेली विद्या ती हीच. त्या फायनललाही असाच वारा होता.

रॉयसनं सगळा जन्माचा राग बोटांत आणला आणि चेंडू सोडला. चेंडू भिरभिरत गेला, हवेत सरकला, सरकतच राहिला. क्लेमनं पाय पुढे टाकला. रॉयसची नजर पॅडवरच खिळलेली होती.

थाड!

"हाऊझॅट!"

डॅरिलनं जरा वेळ घेतला. मग बोट वर केलं.

रॉयस गुडघ्यांवर कोसळला आणि ढसाढसा रडला. क्लेमनं बॅट काखेत मारली आणि तो मुकाट चालू लागला.

कप हातात आल्यावर रॉयसनं तो आभाळाकडे उंचावला. "बाबा, बघ!" तो ओरडला. "आज चोराच्या मेहुण्यानंच न्याय केला!" सगळे हसले. कपात बिअर ओतून तो तडक डॅरिलकडे गेला.

"खरा मर्द आहेस! पहिला घोट तुझा."

डॅरिलनं कपाला हात लावला नाही.

"टप्पा लेगच्या बाहेर होता, रॉयस. चांगला वीतभर. हवेत फारच सरकतो तुझा चेंडू."

"थट्टा करतोस काय? मग बोट कशाला वर केलंस?"

"क्लेमनं सांगितलं होतं. पॅडला लागला की आउट दे म्हणाला. आणि तू कप उचलल्याशिवाय तुला सांगू नको म्हणाला."

रॉयस वळला. पलीकडे सॉसेज भाजायच्या शेगडीपाशी क्लेम उभा होता. शेजारी जोनी होती. क्लेमनं ग्लास उंचावला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रॉयस, चोरीचा कप चकाकतो का रे?"