कोणत्या दिव्यात दिसतात

"ट्यूबलाइटमध्ये कोणी येत नाही," असं म्हणत एक्स-रेकाकांनी खोलीतली ट्यूब बंद केली. समोर स्टुलावर शिवणकाम करणाऱ्या बाई बसल्या होत्या. टेबलावर काचेचं पसरट भांडं, त्यात चार बोटं पाणी, आणि पाण्यावर रोखलेला कॅमेरा.

काकांनी हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढले होते. निवृत्त झाले आणि वर्षभरात बायको गेली. तेव्हापासून हा उद्योग. भांड्याला टिचकी मारायची, पाणी थरथरलं की शूटिंग करायचं, मग एकेक चित्र थांबवून बघायचं. त्यात कुठेतरी गेलेल्या माणसाचा चेहरा उमटतो. दिवा मात्र अचूक हवा, यावर त्यांचा सगळा भर. कोणता दिवा, किती अंतरावर, कोणत्या बाजूने, याच्या पाच वह्या भरल्या होत्या. गल्ली आधी हसली. मग एकेक जण हळूच येऊ लागला.

बाईंचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते.

"सरळ बसा. हलू नका. मी सांगेन तेव्हाच बोला," काका म्हणाले. सवयच होती ती. घरीही त्यांचं असंच चाले. बायकोने जन्मात कधी उलट शब्द काढला नाही, हे ते आजही कौतुकाने सांगत.

टॉर्चच्या उजेडात नुसते पांढरे फराटे आले. टेबललॅम्पमध्ये कानासारखं काहीतरी दिसलं. काकांनी ते बाद केलं. मग भांड्याच्या डाव्या अंगाला मेणबत्ती लावली. आठव्या चित्राला बाई स्टुलासकट मागे सरकल्या. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, वर काढलेली हनुवटी. सोबत आणलेल्या फोटोशी ताडून बघायची गरजच नव्हती.

काकांना धन्य वाटलं. त्यांनी विचारलं, छापून देऊ का. बाई नको म्हणाल्या. ट्यूब लावून पुन्हा एकदा शूटिंग करा, एवढंच त्यांनी सांगितलं. काकांनी नाखुशीनेच केलं. बाईंनी एकेक चित्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पाणी, नुसतं पाणी. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि ट्यूबवरचा नंबर उतरवून घेतला.

"पण ह्यात ते दिसत नाहीत," काका म्हणाले.

"म्हणूनच. घरात सगळीकडे हीच लावते."

मग त्या मोकळेपणाने बोलल्या. बावीस वर्षं त्या शिवायला बसल्या की नवरा पाठीमागे उभा असायचा. कोण आलं होतं, काय म्हणालं, तू हसलीस का. तो गेल्यावरही मशीनवर बसलं की मान आपोआप मागे वळायची. आता निदान कुठल्या उजेडात तो येत नाही, ते तरी कळलं.

काकांनी फडकं घेतलं. ते उगाच टेबल पुसत राहिले. दारात चपला घालताना बाईंनी आपुलकीने चौकशी केली, तुमच्या मिसेस कोणत्या दिव्यात येतात म्हणून.

काकांनी सांगितलं की तीन वर्षं झाली. मेणबत्ती झाली, कंदील झाला, खिडकीतली उन्हाची तिरीपसुद्धा झाली. एकदाही नाही.

बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"सुटल्या म्हणजे," त्या मनापासून म्हणाल्या.