सातवी लादी

मुंबई महाराष्ट्राला मिळेल तेव्हा मिळेल. तूर्त लालबागच्या एका खोलीत तेरा लाद्यांवर सव्वीस माणसं मावायची होती. कर्फ्यूचा दुसरा दिवस, भर दुपार.

एरवी सरळ होतं. एका माणसाला एक लादी. रात्री दिवसपाळीवाल्याची, दिवसा रातपाळीवाल्याची. गिरण्या बंद पडल्या आणि दोन्ही पाळ्या एकदम घरात आल्या. लादी माणसापेक्षा चार बोटं अरुंद, म्हणून खालचे तेरा कुशीवर. वरचे तेरा आपापल्या माणसावर बसलेले. नऊ वर्षं एकाच उशीवर निजणारे दत्ताराम आणि गणपत काल पहिल्यांदा भेटले. आता गणपत त्याच्या बरगड्यांवर बसून दर तासाला, लागत नाय ना, असं विचारत होता.

गॅलरीत जायची सोय नव्हती. सकाळी तिथं वाळत घातलेल्या धोतराला गोळी लागली होती.

भिंतीकडच्या म्हाताऱ्या बुधाजीला श्वास घेववेना. त्याच्यावरचा माणूस तर सकाळपासून उभाच होता. शेवटी खोलीचा कारभारी राजाराम म्हणाला, एक जण कमी करावाच लागेल, आणि बुधाजीला नाहीतरी हवा पाहिजेच आहे.

बुधाजीनं हात जोडले.

"कडेचा काढून काय होणार नाय," दत्ताराम खालून म्हणाला.

तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचा. साहेबांचं ऐकून ऐकून त्याला पाठ होतं. एका स्फटिकावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर चढवतात. वरचे कण जाडे, खालची घरं अरुंद. तरी ते अंग चोरून खालच्या घरांवर नेमके बसतात. थरावर थर चढतो, तसा ताण साठत जातो. कडेचे जरा सैल असतात, सगळा जोर मध्ये. मग एका थराला मधली अख्खी ओळ निखळते आणि बाकीचे मोकळे होतात.

"साहेबांनी सांगितलंय?" राजारामनं विचारलं.

"इंग्रजीत."

मग प्रश्नच मिटला. राजारामनं भिंतीकडून लाद्या मोजल्या, मग दाराकडून. दोन्हीकडून सातवी दत्तारामचीच निघाली. 

"ओळ म्हणजे वरचा पण?" गणपतनं विचारलं.

"वरचा पण."

गणपत उतरला. दत्तारामला हात देऊन त्यानं उठवलं.

दोघे बाहेर आले. मागं दार लागलं आणि खालची बारा माणसं एकदम उताणी झाल्याचा आवाज आला. खाली रस्त्यावर शिट्टी वाजली. गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. दोघे अंग चोरून एकाच लादीवर बसले.