अकरावी ओळ

बाइंडर पानं मोजताना वाचत नाही. वाचलं की आकडा चुकतो. पण पाचव्या प्रतीत एक पान उलटं लागलं होतं. ते सरळ करायला गेला आणि अंगठा तिथेच थांबला.

समोर स्टुलावर त्याची मेहुणी बसली होती. डॉक्टर. गर्भाशयाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचे तुकडे काचेवर घेऊन बघण्यात तिचा जन्म गेला. त्यावर तिचे एकशे बारा लेख. विभागप्रमुखाची जागा निघाली होती. सगळे लेख बांधून पाच प्रती द्यायच्या होत्या, आजच, चारच्या आत.

"आवरा ना भाऊजी. चारला तो शिपाई खिडकी लावतो. देव आला तरी उघडत नाही."

"आवरतोय. तू एवढं लिहिलंस तेव्हा मी घाई केली होती का?"

ती हसली नाही. तोही नाही.

पानावर एका काचेचा फोटो होता. असे फोटो छापताना कडेची चिठ्ठी कापतात. इथे कापायची राहिली होती. चिठ्ठीवर नंबर होता. बाइंडरला इंग्रजी यथातथाच येत होतं, पण तो नंबर त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. आठ महिने बायकोच्या तपासणीचा तो नंबर खिशात घेऊन तो या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला होता.

"ही आपली आहे ना?"

मेहुणीनं पानाकडे बघितलं. मग कुंचल्यावर वाळत चाललेल्या डिंकाकडे.

"हो."

फोटोखाली तक्ता होता. अकरा ओळी, अकरा बायका. शेवटच्या ओळीत बेचाळीस वय. बाकी दहा जणींपुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, अकरावीपुढे चार.

"हे काय लिहिलंय?"

"दहा जणी बऱ्या आहेत."

"आणि हे?"

"रुग्ण नंतर आली नाही. संपर्क नाही."

बाइंडरनं पान खाली ठेवलं. कडा जुळवल्या. जुळलेल्याच होत्या, तरी जुळवल्या.

"तुझ्या घरी होती ती. भिंतीकडच्या कॉटवर. रोज सुई तूच द्यायचीस."

"लेख पाठवला तेव्हा होती. छापून यायला वर्ष लागलं. तोवर ताई गेली."

"मधे कुणी विचारलं नाही?"

"विचारलं होतं. छापणाऱ्यांनीच. अकरावीचं पुढे काय झालं म्हणून."

"मग?"

"मग हे लिहिलं."

बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं. ती चालू होत नव्हती.

"ते पान काढा," मेहुणी म्हणाली. "अख्खा लेखच काढा."

"चार प्रतींची शिलाई झाली. आणि पुढे यादीत एकशे बारा लिहिलेत. मोजणारा मोजेलच की."

"मोजणार नाहीत. हाच शोधतील. सगळे हाच वापरतात. हा नसेल तर बाकीचे म्हणजे एकाशिवायची शून्यं."

"वापरतात म्हणजे?"

"असा कॅन्सर सौम्य असतो, कडक औषधं नकोत, असं लिहिलंय मी. डॉक्टर लोक त्यावरून ठरवतात."

"कुणाचं?"

तिनं घड्याळाकडे बघितलं. विचारणाऱ्यालाही उत्तर नको होतं.

त्यानं पाचवी प्रत शिकंज्यात धरली, दाभणानं भोकं पाडली, दोरा ओवला. हात नेहमीसारखे चालले. पाठीला डिंक फिरवून त्यानं पुठ्ठा बसवला. पाचही प्रती तिच्यापुढे ठेवल्या. पिशवी मात्र दिली नाही.

घड्याळात साडेतीन. मेहुणीनं सगळ्यात वरची प्रत ओढली.

"हळू उघड. ओली आहे."

दोनशे चौदावं पान तिला शोधावं लागलं नाही. बाइंडरच्या कानामागची पेन्सिल तिनं काढून घेतली. लहानपणी ताईच्या कंपासातून घ्यायची तशी, न विचारता.

"पेन्सिलीनं नको," तो म्हणाला. "पुसता येतं."

"हे लिहिलं तर जागा गेली, भाऊजी. लेखही परत घ्यायला लागेल. मग बाकीच्या एकशे अकरांची झडती."

"मला काय विचारतेस? मी पुठ्ठे चिकटवणारा माणूस."

तो उठून शेजारच्या दुकानात गेला. निळं पेन घेऊन आला. ती तशीच बसली होती, पानावर पालथा हात ठेवून. तिनं पेन घेतलं, तळहातावर ओढून बघितलं. मग अकराव्या ओळीतल्या चार शब्दांवर एक सरळ रेघ मारली. पट्टी लावल्यासारखी. वर एक शब्द लिहिला.

मग पेन थांबलं.

"तारीख काय होती?"

बाइंडरनं तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती.

त्यानं तारीख सांगितली. वार सांगितला. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेही सांगितलं.

तिनं फक्त तारीख लिहिली. रकाना तेवढाच होता. शाईवर फुंकर मारली आणि मान वर न करता हात पुढे केला.

"दुसरी द्या."