मधला तुकडा

“तो तुकडा संपल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही हं!” सासूबाईंनी धाकट्या सुनेच्या ताटात डोकावून बजावलं आणि भात आणायला त्या आत वळल्या.

धाकटीला तेवढा वेळ पुरे होता. तिने माशाचा तो जाडजूड तुकडा झटकन उचलला आणि शेजारी बसलेल्या थोरल्या जावेच्या ताटात सरकवला. थोरलीने वर पाहिलंसुद्धा नाही. तुकडा भाताखाली गेला आणि तिच्या ताटातले दोन चिमुकले मासे इकडे आले. आता दोघींचा हात या कामात चांगलाच बसला होता.

“संपवलास? शाब्बास!” परत आलेल्या सासूबाई खूश झाल्या. “नातवंडाचं डोकं कसं तल्लख निघतं बघ.”

सासऱ्यांची स्वतःची बोट होती आणि त्यांच्या बापापासून चालत आलेली एक रीत होती. घरातली बाई गरोदर असली, की जाळ्यात आलेला सगळ्यात मोठा मासा विकायचा नाही. तो घरी आणायचा, बर्फात ठेवायचा आणि त्याचा मधला तुकडा रोज तिच्या ताटात पडायचा. बाकीच्यांनी बारीकसारीक माशांवर भागवायचं. सासरे एरवी कुणाशी दोन शब्द बोलायचे नाहीत, पण मोठा मासा खांद्यावर टाकून घरी येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं, ते पाहून धाकटीला गलबलून यायचं.

म्हणूनच तर सगळी पंचाईत झाली होती.

“मासे खा, अगदी जरूर खा,” डॉक्टरीणबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. “बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना फार चांगले. पण छोटेच खा. मोठा मासा जन्मभर छोट्यांना गिळत असतो. त्या सगळ्यांच्या अंगातला थोडा थोडा पारा त्याच्या अंगात साठत जातो. आईने तो रोज खाल्ला, तर थेट बाळाच्या मेंदूला धोका.”

“आणि घरातल्या इतर कुणी खाल्ला तर?”

“मोठ्या माणसांना एवढ्यातेवढ्याने काही होत नाही. जपायचं ते पोटातल्या जिवाला.”

तिने घरी येऊन हे जेवताना सांगितलं मात्र, सासऱ्यांचा घास हातातच राहिला. “माझ्या बोटीवरचा मासा विषारी? याच माशावर माझे दोन मुलगे पोसलेत!” एवढं बोलून ते भरल्या ताटावरून उठले. सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. नवरा खोलीत येऊन तिच्यावरच करवादला, “कशाला तोंड उघडलंस? खाल्ल्यासारखं कर आणि मोकळी हो ना!” थोरली तेव्हा नवऱ्यासह माहेरी गेली होती. ती परत आली तोवर त्या विषयावर सगळ्यांनीच पडदा टाकला होता.

फेकायची सोय नव्हती. सासूबाईंची नजर केराच्या डब्यावरसुद्धा असायची. उरली थोरली. तिची तीन गरोदरपणं अर्ध्यावरच मोडली होती. त्या त्या वेळी तिच्याही ताटात मधला तुकडा पडत होता. पुढे तो बंद झाला आणि त्याबरोबर सासूबाईंचं गोड बोलणंही. वाढताना आता तिच्या ताटाशी त्यांचा हात आखडायचा. धाकटीला ते बघवत नसे. या घरात आली तेव्हा तिला पहिल्यांदा पोटाशी धरलं होतं ते थोरलीनेच. मग तिच्या वाट्याला चार चांगले घास गेले, तर काय बिघडलं?

पण का देते, ते मात्र तिने सांगितलं नाही. माझ्या बाळाला हे बाधेल, तुम्हाला काय, तुमच्या पोटात थोडंच कुणी आहे? हे कुठल्या तोंडाने सांगणार?

एकदा भांडी विसळताना तिने विचारलं, “ताई, तुम्हाला कमीपणा नाही ना वाटत?”

“वेडी का खुळी तू?” थोरली हसली. “तुझं मन मला कळतं गं.”

आणि मासा तिला मानवलाही. गालांवर तेज चढलं, अंगाने भरली. बर्फाच्या कारखान्यात पेट्या उचलायचं काम सोडून ती वजनकाट्यापाशी बसून वजनं घेऊ लागली. गुडघे दुखतात म्हणाली. “बसून बसून सुटलीये नुसती,” सासूबाई तिच्या ढगळ कपड्यांकडे बघून फणकारायच्या. धाकटीला मात्र मनातून बरं वाटायचं. निदान एकीचं तरी भलं होत होतं.

त्या दुपारी सासूबाई बाजारात गेल्या आणि थोरलीने तिला आपल्या खोलीत बोलावलं. आत येताच दाराला कडी घातली.

धाकटी दाराशीच थबकली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं हिच्या कानावर गेलं की काय! आता लपवण्यात अर्थ नव्हता. “ताई, त्या तुकड्याचं मला तुम्हाला...”

“मलाही त्याचंच बोलायचंय. आधी बस बघू.” थोरलीचे डोळे काठोकाठ भरले होते. “मागच्या तिन्ही वेळेला आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीला सांगत सुटले. मग तीच माणसं माझी समजूत काढायला आली. या वेळी आम्ही दोघांनी ठरवलं, पाचवा महिना लागेपर्यंत ब्र काढायचा नाही.”

तिने धाकटीचा हात ओढून आपल्या ढगळ कपड्याखाली पोटावर ठेवला आणि तो दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

“तुला मात्र पहिल्या दिवसापासून कळलं होतं, हो ना? नाहीतर स्वतःच्या बाळाच्या तोंडचा घास कुणी रोज असा माझ्या बाळाला दिला असता?”