शनिवारचं धुणं

"सोमवारी नाही, शनिवारी धुवायचं," दुआर्त म्हणाला. "एवढंच तर मागतोय, इदालिना आजी. बरोबर नऊ वाजता."

इदालिनाने कॉफीचा कप त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला. बावन्न वर्षं ती या दुसऱ्या मजल्यावर राहत होती आणि बावन्न वर्षं तिचं धुणं सोमवारी होत होतं. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं. पण आता गल्लीत उरलं होतं कोण? समोरच्या घरात सेलेस्त राहायची, तिथे आता पैसे देऊन उतरणारे पाहुणे. खाली पाहुणे, वर पाहुणे. हे आणि समोरचं, दोन्ही घरं दुआर्तच्या काकाची, आणि पाहुण्यांची उठबस दुआर्तकडे.

"का रे, सोमवारी माझे कपडे वाळत नाहीत?"

"पाहुणे शुक्रवारी येतात, रविवारी जातात. वसंतातली दोन दिवसांची निवांत सुट्टी. सोमवारी तुमचं धुणं बघायला असतं कोण?" त्याने पिशवीतून एक जाड, रंगीत कागद काढून टेबलावर पसरला. "हा बघा कार्यक्रम. प्रत्येक खोलीत ठेवलाय. आयता आखलेला. त्यांनी फक्त आराम करायचा."

कागद इंग्रजीत होता. इदालिनाने नकारार्थी मान हलवली.

"सोपं आहे हो." दुआर्तने आपला फोन कागदावर धरला आणि पडद्यावर अक्षरं पोर्तुगीज झाली. "आता कुठलाही कागद कुणालाही वाचता येतो. वाचा."

तिने चष्मा चढवला. शुक्रवार संध्याकाळ: चढणीवरून रमतगमत वर या, नदी बघत वाइन घ्या. शनिवार, सकाळी नऊ: घाई नको. कॉफी घेऊन खिडकीत उभे राहा. समोर दुसऱ्या मजल्यावर इदालिना कपडे वाळत घालते. हात हलवा, तीही हलवेल. फोटोला तिची हरकत नसते. अस्सल लिस्बन! साडेनऊ: दालचिनी भुरभुरलेल्या गरम पेस्ट्र्या, खोलीपोच.

इदालिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेस्ट्र्यांच्या वरच्या ओळीत तिला नेऊन बसवलं होतं, आणि विचारलंसुद्धा नव्हतं.

"मी कधी हात हलवते?"

"हलवता की! मी स्वतः पाहिलंय."

"मी कबुतरं हाकलते, मेल्या."

दुआर्त मोकळेपणी हसला. "तेच! तेच आवडतं लोकांना. फक्त एक करा, आतले कपडे नकोत दोरीवर. रंगीत काहीतरी घाला. तो निळा एप्रन झकास दिसतो."

ती उठली. पावाच्या डब्याखालून तिने एक पत्र काढलं आणि रंगीत कागदाशेजारी ठेवलं. सहा पानं, शेवटी लाल शिक्का आणि त्याच्या काकाची सही. दोन आठवड्यांपूर्वी आलेलं. एकतीस मेपर्यंत घर रिकामं करावं, असं त्यात फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

"जूनमध्ये नऊ वाजता काय बघतील तुझे पाहुणे?"

दुआर्तने पत्राकडे बघितलंच नाही. तो साखर ढवळत राहिला. "ते काकांचं काम, आजी. मी त्यात पडत नाही. पण जूनची काळजी तुम्ही करू नका, त्याची सोय झालीय. दर शनिवारी सकाळी तासभर एक बाई येणार आहे. कपडे आम्हीच देऊ तिला."

हे तो तिला धीर द्यावा तसा, अगदी मनापासून म्हणाला. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. आरडाओरडा करणाऱ्या माणसाच्या थोबाडीत तरी देता येते.

"म्हणजे खिडकी हवी, दोरी हवी, धुणंही हवं. बाई तेवढी बदलायची."

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

"शनिवारी नऊला ना?" तिने त्याचा अर्धा प्यालेला कप उचलला. "जा. घालते वाळत."

तिच्या गालाला गाल लावून दुआर्त निघाला. लहानपणी याच टेबलावर लोणी-पाव खाऊन असाच निघायचा.

शनिवारी तिने टबात गार पाणी घेतलं. पत्राची सहाही पानं एकेक करून त्यात बुडवली आणि न पिळता बाहेर काढली. शिक्का जरासुद्धा पसरला नाही. शाई चांगली होती.

नऊ वाजता समोरच्या खिडकीत एक जोडपं कप घेऊन उभं होतं. इदालिनाने दोरीला निळा एप्रन लावला, शेजारी पहिलं पान. लाल टॉवेल, मग दुसरं पान. प्रत्येक पानाला दोन-दोन चिमटे. मग तिने दोरी ओढली. समोरच्या भिंतीवरची कप्पी कुरकुरली आणि एकेक पान गल्ली ओलांडून पाहुण्यांच्या नाकासमोर जाऊन थांबलं.

जोडप्याने हात हलवला. तिने हलवला नाही. नवऱ्याने फोटो काढला. बायको मात्र पुढे वाकली, फोन एका पानासमोर धरला, मग पुढच्या पानासमोर. तिचं हसू मावळलं. तिने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं. त्याने वर मान करून हाक दिली, तशी वरची खिडकीही उघडली. तिथूनही एक फोन बाहेर आला.

खाली गल्लीत दुआर्त धावत आला. हातात साडेनऊच्या पेस्ट्र्यांचा डबा होता.

"इदालिना आजी! काय चाललंय हे? आधी ते आत घ्या!"

इदालिनाने हात लांब करून जवळचं पान दोन बोटांत चाचपून बघितलं.

"ओलं आहे रे अजून," साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "वाळल्याशिवाय कुणी आत घेतं का?"